कडेच्या नोंदी

मित्रांनो, विद्यापीठाच्या ग्रंथालयाखाली एक जिना उतरतो. त्याच्या शेवटच्या पायरीसमोरच्या खोलीत कधी डोकावलात, तर कोपऱ्यात एक लोखंडी धूड उभे दिसेल. त्याच्यावर कुणीतरी रंगाचे दोन डबे आणि एक मोडका पंखा ठेवला आहे. ते धूड म्हणजे मी, कागद कापायचे यंत्र. घाबरू नका. माझे पाते आता बोथट आहे आणि दांडा ओढायला कुणी येत नाही. खरे सांगू का, मी थकलो आहे. यंत्राला थकवा येत नाही असे तुम्हाला शाळेत शिकवले असेल, पण ते शिकवणाऱ्याने पन्नास वर्षे एका जागी उभे राहून कागद खाल्लेला नसतो.

माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझे पाय, माझी बैठक आणि वरची कमान सगळे एकाच दिवशी साच्यातून निघाले. डोक्यावर एक मोठे चाक बसवले. ते फिरवले की आतली दाबपट्टी खाली येते आणि कागदाचा गठ्ठा घट्ट धरून ठेवते. मग उजवीकडचा लांब दांडा खाली ओढला की पाते तिरके उतरते. चाक फिरवा, दांडा ओढा, यापलीकडे मला काही येत नाही. सुरुवातीची काही वर्षे मी एका छापखान्यात औषधांची लेबले आणि शाळेच्या वह्या कापल्या. पुढे मालकाने विजेवर चालणारे यंत्र आणले आणि मी नको झालो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय! विद्यापीठाने मला उचलून या तळघरात आणले. तेव्हा मी मनाशी म्हटले होते, चला, विद्येच्या घरी आलो, आता जरा आराम मिळेल. कसला आराम घेऊन बसलात!

इथे माझा ताबा बांधणीकाकांकडे आला. तेव्हा ते तिशीतले होते, डोक्यावर दाट केस होते आणि स्वभाव आतासारखाच चिकट होता. ते मोजमाप सुतात करत. एका इंचात आठ सूत असतात. "दोन सूत घे," असे ते मलाच सांगत आणि मग स्वतःच दांडा ओढत. त्यांचे सारे लक्ष कडेवर असे. पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवले आणि ते कुठे अडखळले, तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नसे. आतला मजकूर मात्र ते कधी वाचत नसत. "आत काय लिहिलंय ते लिहिणाऱ्याला ठाऊक. आपलं काम बाहेरचं," असे म्हणून ते चष्मा कपाळावर सरकवत.

विद्यापीठात कुणीही, कशावरही संशोधन केले तरी शेवटी तो प्रबंध आमच्याकडेच यायचा. विज्ञानाला निळे कापड, कलाशाखेला तांबडे, कायद्याला काळे, वैद्यकाला पांढरे. खळ वाळेपर्यंत माणसाला स्टुलावर बसून राहावे लागे. तेवढ्या वेळात काका विचारत, "काय सापडलं ते एका वाक्यात सांगा बघू." चारशे पाने सहज लिहिणारी माणसे या प्रश्नाला घाम पुसू लागत.

मित्रांनो, काय काय ऐकले मी त्या स्टुलावरून! पाच वर्षे मुंग्यांच्या मागे फिरलेला एक जण म्हणाला, "मुंग्यांना माझ्याकडे बघायला एकदाही वेळ झाला नाही, हे नक्की सापडलं." तत्त्वज्ञानाच्या बाई म्हणाल्या, "काही सापडलं नाही काका, पण काय सापडणार नाही ते कळलं." इतिहासवाल्याने एका जुन्या पुलाचा हजेरीपट शोधून काढला होता. पाटीवर ज्याचे नाव आहे त्याने तो पूल बांधलाच नव्हता, असे तो मोठ्या आनंदाने सांगत होता. रात्रपाळीच्या परिचारिकांच्या झोपेवर अभ्यास केलेली डॉक्टर उत्तर द्यायच्या आधीच स्टुलावर झोपून गेली. गणितवाल्याचा प्रबंध अवघा बत्तीस पानांचा. कण्यावर नाव छापायला जागा नाही म्हणून काका वैतागले. तो म्हणाला, "काका, ही बत्तीस पानं लिहायला सहा वर्षं लागलीत." काका म्हणाले, "मग अजून वर्षभर थांबायचं, कणा तरी भरला असता." आणि एक भाषावाला होता. ज्या आजींकडून तो एक भाषा शिकला, त्या मधेच वारल्या. आता ती भाषा त्याच्या एकट्याच्या तोंडात उरली होती. तो एका वाक्यात काहीच सांगू शकला नाही. काकांनी त्याला चहा दिला.

काकांना कुणाचे नाव लक्षात राहत नसे. ते विषयावरून हाका मारत. मुंगीमास्तर, झोपडॉक्टर, पूलवाले. कुणी रागावत नसे, कारण घरच्यांनाही यांचा विषय धड सांगता येत नसे आणि इथे निदान एका माणसाला तो ठाऊक होता.

माझ्या पात्याखालून जी कात्रणे पडत, ती एका पोत्यात भरली जात. पांढऱ्या, कोऱ्या, लांब पट्ट्या. दर शनिवारी दुपारी ते पोते प्राणिशास्त्राच्या इमारतीत जायचे, कारण तिथल्या पांढऱ्या उंदरांना अंथरायला कोरा कागद लागतो. छापील कागद चालत नाही, शाई बाधते. ही पद्धत माझ्या येण्याआधीपासूनची होती. कायद्याच्या पुस्तकाची कड असो की कवितेवरच्या प्रबंधाची, शेवटी तिचे उंदराचे घरटे व्हायचे. मला ते आवडायचे. निदान कुणाला तरी ऊब मिळत होती.

पोते न्यायला जी मुलगी येई तिला काका उंदीरताई म्हणत. तिशीला टेकलेली, बारीक, बोलायला तुटक. उंदरांच्या माद्या वय वाढल्यावर पिल्लांसाठी घरटे कसे बांधतात, यावर तिचा अभ्यास होता. एका बाजूने मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसऱ्या बाजूने एकदा साथ येऊन सगळे पिंजरे रिकामे झाले. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. शेवटच्या चौदा माद्या उरल्या होत्या. त्या व्याल्या की पुढचे तीन आठवडे रोज घरट्याचे मोजमाप घ्यायचे आणि मग लिहून टाकायचे, एवढेच बाकी होते. प्रबंध द्यायला चाळीस दिवस होते.

"या खेपेला होणार बघ तुझं," काका म्हणत.

"होईल तेव्हा खरं," ती म्हणे आणि पोते पाठीवर टाकून जाई.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळे सांगतो आहे, तिकडे येतो. मागेपुढे करत होतो, कारण माझाही हात त्यात आहे.

एका शनिवारी सकाळी विहीरबाई आल्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, खांद्यावर जड पिशवी. गावोगावच्या एक्केचाळीस विहिरींतले पाणी त्यांनी सात वर्षे, महिन्यातून दोनदा मोजले होते. त्यांचा प्रबंध मंजूर व्हायच्या बेतात होता, पण परीक्षकांनी एक शंका काढली होती. पाणी मोजले त्या वेळी विहिरीवरचा पंप चालू होता की बंद? चालू असेल तर पाणी खाली गेलेले दिसणारच, मग त्या मोजमापाला अर्थ काय? विशेषतः सहावे वर्ष, ज्या वर्षी पाऊस झाला नाही, त्याच्या मूळ वह्या त्यांना बघायच्या होत्या. तोंडी परीक्षा गुरुवारी होती. सुट्या वह्या स्वीकारायच्या नाहीत, बांधून आणायच्या, असा विद्यापीठाचा नियम.

"काका, या सात वह्या एकत्र बांधून द्या. परीक्षकांसमोर जायच्यात," बाई म्हणाल्या. "सोमवारी येते."

"निर्धास्त जा," काका म्हणाले.

इतकेच बोलणे झाले. कडेबद्दल बाई काही बोलल्या नाहीत, कारण वहीची कड कुणी कापेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. काकांनी काही विचारले नाही, कारण वेगवेगळ्या मापाच्या वह्या कडा न कापता परीक्षकांसमोर जाव्यात हे त्यांच्या स्वप्नात नव्हते. त्यांनी सर्वांत लहान वहीचे माप घेतले, तिचीही कड सरळ व्हावी म्हणून माप आणखी थोडे आत घेतले आणि आधी चार वह्या माझ्या बैठकीवर ठेवल्या, मग तीन. चार सूत, म्हणजे अर्धा इंच.

मित्रांनो, कोऱ्या कडेचा घास कोरडा असतो. हा तसा नव्हता. पात्याला पेन्सिलीचा चिकट गुळगुळीतपणा लागला, पानामागून पान. मला कळले. पण यंत्राला तोंड नसते. दांडा खाली आला आणि मी कापत गेलो. कड आरशासारखी झाली. काकांनी तिच्यावरून बोट फिरवले आणि खूश होऊन चहा मागवला. दुपारी उंदीरताई आली आणि पोते घेऊन गेली.

सोमवारी बाईंनी बांधलेला ग्रंथ हातात घेतला. "छान झालाय हो," म्हणत मधले पान उघडले. मग दुसरे उघडले. मग भराभर उलटू लागल्या.

"काका, इथलं कुठंय?"

"कुठलं?"

"कडेचं. कडेला लिहिलेलं. वेळ, पंप चालू का बंद... सगळं कडेला होतं काका!"

काकांनी चष्मा खाली घेतला आणि पान डोळ्यांजवळ नेले. कडेपाशी अर्धवट तुटलेली अक्षरे होती. त्यांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे बघू लागले, जणू मी काही बोलेन.

मग बाई बोलत गेल्या आणि मला सगळे कळले. विहिरीत टेप सोडून खोली बाई मोजत आणि आकडा रकान्यात लिहीत. वही धरायला आणि घड्याळ बघायला त्यांचे सासरे असत. नोकरीतून निवृत्त झालेला माणूस, घरी बसून काय करायचे म्हणून सुनेला दुचाकीवर मागे बसवून सात वर्षे विहिरी हिंडला. रकाने छापलेले होते, त्यांत वेळेला जागा नव्हती. म्हणून ते पेन्सिलीने अगदी कडेला वेळ टाकत आणि पंप चालू की बंद ते लिहीत. खोलीचे आकडे बाईंनी संगणकात घातले होते. कडेच्या नोंदी घालायच्या राहिल्या होत्या. सासरे गेल्या वर्षी गेले होते, त्यामुळे आठवून सांगायलाही कुणी नव्हते.

"माझ्या हातून झालं," काका म्हणाले. "मी उघडून बघायला हवं होतं."

"मी तरी कुठं सांगितलं?" बाई म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. "कात्रणं कुठं आहेत?"

काकांना ते सांगायचा धीर होईना. शेवटी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या शिपायाला प्राणिशास्त्राकडे पिटाळले.

उंदीरताई अर्धे पोते घेऊन आली. ते एवढेच उरले होते. पोत्यात आधी कापलेले खाली असते, शेवटी कापलेले वर. वरचे तिने शनिवारीच पिंजऱ्यांत घातले होते. चौदाही माद्या शनिवार-रविवारी व्याल्या होत्या आणि त्याच पट्ट्यांची घरटी करून बसल्या होत्या.

"पेन्सिलीचं काहीतरी दिसलं होतं मला," ती म्हणाली. "शाई नाही ना, मग जाऊ दे म्हटलं. कुणाची तरी रद्दी असेल."

माझी बैठक मोठी आणि काटकोनी आहे, म्हणून त्या तिघांनी माझ्यावरच मांडामांड केली. पट्टी घ्यायची, पानाच्या कडेला लावायची, तुटलेले अक्षर जुळते का बघायचे. रेघा जुळल्या आणि अक्षर पुरे झाले की काका पातळ झिरझिरीत कागद आणि खळ लावून ती पट्टी चिकटवायचे. मी आयुष्यभर कापले होते. माझ्यावर ठेवून काही जोडलेले तेव्हा पहिल्यांदाच पाहिले. काही पट्ट्यांवर वेळेखेरीज आणखीही होते. कडेला आडवी जागा नाही म्हणून उभे लिहिलेले. 'कुत्रे मागे लागले.' 'मालक रागीट, पाणी विचारले नाही.' एका पट्टीवर होते, 'सूनबाई सकाळपासून उपाशी. ऐकत नाही.' बाईंनी ती पट्टी हातात धरली आणि पुन्हा पुन्हा वाचली. सात वर्षे ती वही त्यांच्याकडेच होती, पण त्यांनी कडेचे ते उभे लिहिलेले कधी वाचले नव्हते.

संध्याकाळपर्यंत चार वह्या जुळल्या. उरलेल्या तीन, म्हणजे पाचवी, सहावी आणि सातवी, पिंजऱ्यांत होत्या. परीक्षकांना हवी ती नेमकी सहावी.

"पिंजऱ्यातल्या काढता येतील का हो?" बाईंनी विचारले.

"काढता येतील," उंदीरताई म्हणाली. "पिल्लं दोन दिवसांची आहेत. घरटं मोडलं तर आई बिथरते. काही जणी पुन्हा बांधतात. काही जणी पिल्लांना मारून टाकतात. आणि जरी नाही मारलं, तरी मोडलेल्या घरट्याचं मोजमाप माझ्या कामाचं नाही. सगळी तुकडीच बाद."

"दुसरी तुकडी?"

"अडीच महिने. माझ्याकडे चाळीस दिवस आहेत."

बाई चटकन म्हणाल्या, "मग नको. नकोच. अगं, माझ्यासाठी तुझं कशाला..." पण त्यांची नजर सहाव्या वहीवर होती. ती नजर मी पाहिली आणि उंदीरताईनेही पाहिली.

"मला विचारू नका हो," ती चिडून म्हणाली. "विचारलंत तर मी नाही म्हणेन. तुमच्या सात वर्षांपुढे माझी पाच वर्षं लहान नाहीत." आणि पाय आपटत जिना चढून गेली.

काका त्या रात्री झोपले नसावेत. मंगळवारी सकाळी त्यांनी दोनदा कुलूप चुकीच्या किल्लीने उघडायचा प्रयत्न केला. बाई येऊन नुसत्या बसून राहिल्या. परीक्षा पुढे ढकला म्हणावे, तर परीक्षक परगावाहून येणार होते आणि निघालेही होते. दुपारी जिन्यावर पावले वाजली. उंदीरताईच्या हातात एक टोपली होती. तिने ती माझ्या बैठकीवर ठेवली. आतल्या पट्ट्या कुरतडलेल्या, दमट आणि अजून कोमट होत्या.

"चौदाही उघडले," ती म्हणाली. "मोजून घ्या. मला परत यायचं नाही."

"आणि पिल्लं?" काकांनी विचारले.

"नऊ जणींनी पुन्हा बांधायला घेतलं."

बाकीच्या पाच जणींचे काका विचारू शकले नाहीत. बाई उठून तिच्या गळ्यात पडल्या. ती ताठ उभी राहिली, मग तिनेही एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला. "रडू नका, पट्ट्या भिजतील," म्हणाली.

त्या पट्ट्या जुळवायला बुधवार संध्याकाळ झाली. अकरा पानांच्या कडा मिळाल्याच नाहीत. गुरुवारी बाई परीक्षेला गेल्या आणि त्यांनी परीक्षकांना सरळ सांगितले की या अकरा पानांना साक्षीदार नाही, ही मोजमापे मी धरलेली नाहीत. त्या प्रामाणिकपणाचे फार कौतुक झाले. चिकटवलेल्या वह्याही हातोहात फिरल्या. पदवी मिळाली.

तिकडे उंदीरताईला आणखी एक मुदतवाढ मागायची होती. तिसरी मुदतवाढ फक्त समिती देते आणि समितीला लेखी कारण लागते. पिंजरे का उघडले, कुणासाठी उघडले, हे ज्याच्यासाठी उघडले त्याने लिहून द्यायला हवे. एका पानाचे पत्र. समिती पुढच्या शुक्रवारी बसणार होती.

"उद्याच देते," बाई म्हणाल्या. परीक्षेच्या आनंदात त्या उंदीरताईला घेऊन आमच्या खोलीतच आल्या होत्या. "पत्र कसलं, मी स्वतः येऊन सांगते समितीला. तुझे उपकार मी या जन्मी फेडू शकणार नाही."

मित्रांनो, त्या खोटे बोलत नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांना दूरच्या एका विद्यापीठातून नोकरीचे बोलावणे आले. सोमवारी रुजू व्हायचे होते. घर आवरायचे, मुलाच्या शाळेचे बघायचे, सासूबाईंना न्यायचे. शनिवारी त्या गेल्याही. काकांच्या टेबलावर काकांसाठी एक चिठ्ठी ठेवून गेल्या होत्या. तिच्यात आभार होते, पण पत्र नव्हते.

उंदीरताई सोमवारी आली. "काका, बाईंनी माझ्यासाठी काही ठेवलंय का?"

"नाही गं."

बुधवारी आली. "टपालानं काही?"

"नाही. मी त्यांच्या विभागातून पत्ता आणतो, तार करतो."

"नको. मागून घेतलेलं नकोय मला. त्यांना आठवेल."

गुरुवारी तिने दारातूनच बघितले. काकांनी मान हलवली आणि ती वळली. मग काकांनी स्वतःच एक पत्र लिहिले. आयुष्यात दुसऱ्याचे काही न वाचणाऱ्या माणसाने चार कागद फाडून पाचव्यावर नीट लिहिले. चूक माझी आहे, कड मी कापली, या मुलीने आपले काम मोडून दुसरीचे वाचवले. कचेरीतल्या बाबूने ते वाचून विचारले, "आपण कोण?"

"बांधणीवाला."

"बांधणीवाल्याचं पत्र कसं चालेल हो?"

काकांनी येऊन मला हे सांगितले आणि त्या दिवशी पुढे काही काम केले नाही. मुदतवाढ मिळाली नाही. पुढचे पोते न्यायला दुसरेच कुणी आले. निळ्या कापडाचे कितीतरी प्रबंध नंतर माझ्यापुढे आले. प्रत्येक वेळी वाटायचे, हा तिचा असेल. कधीच नसायचा.

नंतरची वर्षे तुम्हाला काय सांगू? हळूहळू प्रबंध संगणकावरच स्वीकारायला लागले. आधी सहा प्रती यायच्या, मग दोन, मग एकही नाही. पाते धार लावून लावून निम्मे झाले होते, तेही नवे आले नाही. काका निवृत्तीला टेकले आणि ही खोली बंद करायचे ठरले. कुणी कौतुक करत नव्हते याचे वाईट वाटले नाही. वाईट वाटायलाही अंगात जोर लागतो.

त्या शेवटच्या महिन्यात विहीरबाई आल्या. नऊ वर्षांनी. आता त्या याच विद्यापीठात विभागप्रमुख होऊन परतल्या होत्या. केस पांढरे, बरोबर सात-आठ विद्यार्थी. बंद व्हायच्या आधी मुलांना बांधणीची खोली दाखवायची होती.

"हेच ते यंत्र," माझ्या कमानीवर थाप मारत त्या म्हणाल्या. "माझा प्रबंध उंदरांनी खाल्ला होता, माहितीये? खरंच! याने कडा कापल्या आणि कडा गेल्या उंदरांच्या पिंजऱ्यात. शेवटी उंदरांच्या अंगाखालून काढून आणल्या. परीक्षकांनी विचारलं, हा वास कसला?"

मुले खो खो हसली. बाईही हसल्या. ही गोष्ट त्यांनी खूपदा सांगितलेली असावी, कुठे थांबायचे ते त्यांना ठाऊक होते. काका मात्र हसले नाहीत. ते खळीचे भांडे पुसत होते.

"बाई, त्या पोरीचं पुढं काय झालं हो?"

"कुठल्या?"

"पट्ट्या आणल्या ती."

बाईंच्या चेहऱ्यावर अजून हसू होते. मग ते तसेच थिजले. मी त्यांच्याकडे बघत होतो. नऊ वर्षे मागे जायला माणसाला फार वेळ लागत नाही.

"पत्र," त्या म्हणाल्या. "मी तिला पत्र देणार होते."

"तीनदा आली होती विचारायला," काका म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी तार करतो म्हटलं, तर नको म्हणाली. तुम्हाला आठवेल म्हणाली."

मुलांना काही कळेना. ती एकमेकांकडे बघू लागली. बाई हळूच स्टुलावर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी काकांकडे एक कोरा कागद मागितला.

"आता समिती कुठली, बाई?" काका म्हणाले.

"ठाऊक आहे. द्या."

त्यांनी कागद माझ्या बैठकीवर ठेवला आणि लिहायला सुरुवात केली. माझ्या थंड लोखंडावर त्यांच्या हाताचा भार पडत होता, मधेच थांबत होता, पुन्हा पडत होता. एक पान भरले. ते घडी करून हातात धरले आणि विद्यार्थ्यांना "तुम्ही व्हा पुढे" म्हणून त्या जिना चढून गेल्या, प्राणिशास्त्राच्या इमारतीच्या दिशेने. तिथे आता तिला ओळखणारे कुणी होते की नाही, कोण जाणे. पुढे काय झाले ते मला कळले नाही. आठवड्याभरात खोलीला कुलूप लागले आणि काका आपला चष्मा आणि मोजपट्टी घेऊन घरी गेले.

मित्रांनो, मी फार शिकलेला नाही. जगातल्या सगळ्या विद्या माझ्यासमोरून गेल्या, पण कडेकडेने. तरी एक मागणे मागतो. तुमचे काम कधी पुरे झाले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, तर घरी जायच्या आधी विचारा की हे पुरे व्हावे म्हणून कुणी आपले अर्धे टाकून दिले. आणि त्या माणसाला 'उद्या देतो' म्हणाला असाल, तर ते आजच द्या. तो तीनदा येईल, दारातून बघेल, आणि चौथ्यांदा येणार नाही.